खणलेले तेल आणि पिकलेले तेल
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गाकरिता पाठ)

शास्त्रभाग : उत्पत्ती ११:३, १४:१०, निर्गम २:३, २७:२०, मत्तय २५:१-१३.

पवित्र शास्त्रात तेलाचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी आला आहे. निवासमंडपातील दीप नित्य जळत राहावा म्हणून इस्राएल लोकांनी जे तेल आणावयाचे होते, व दहा कुमारींपैकी पाच जणींनी जे बरोबर घेतले होते, ते जैतुनाच्या फळांचे तेल होय. झाडाला फळ येते, फळ घाण्यात पडते, तेल निघते, आणि पुढील वर्षी देव त्याच झाडाला पुन्हा फळ देतो. आपल्याकडील करडई, भुईमूग, जवस, करंज यांचे तेलही याच प्रकारचे आहे. यास आपण या पाठापुरते पिकलेले तेल म्हणू.

शास्त्रात दुसराही एक पदार्थ आहे. त्याकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. बाबेलचा बुरूज बांधणाऱ्यांनी चुन्याच्या जागी डांबर घातले. बाळ मोशेला ज्या लव्हाळ्याच्या पेटीत निजविले तिला त्याच्या आईने डांबर व राळ लावून ती पाण्यास अभेद्य केली. सिद्दीमाच्या खोऱ्यात डांबराचे खड्डे होते व लढाईतून पळणारे त्यांत पडले. हे डांबर म्हणजे खनिज तेलाचाच घट्ट भाग होय, आणि आपल्या गावच्या सडकेवर जे ओततात ते त्याच जातीचे आहे. तेव्हा खणलेले तेल मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे असे दिसते. तथापि मोशेच्या आईला ते एका पेटीपुरते लागले. आपणांस ते पहाटे उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत लागते. हा फरक कसा पडला व तो थोडा तरी मागे घेता येईल काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

हे तेल कसे झाले ते आधी समजून घेतले पाहिजे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारे अतिसूक्ष्म जीव व वनस्पती मरून तळाशी बसल्या. त्यांवर गाळाचे थर चढले. दाब व उष्णता यांनी त्यांचे तेल व वायू झाले. दगडी कोळसाही असाच गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांपासून झाला. ज्याला पेव ठाऊक आहे त्यास हे सांगणे सोपे आहे. शेतातले धान्य दरसाल येते. पेवातले धान्य एकदाच भरलेले असते. आपण ज्या पेवातून काढीत आहो ते भरावयास जितका काळ लागला त्याची गणती मनुष्याच्या पिढ्यांनी होत नाही, आणि उपसावयास आरंभ होऊन दोनशे वर्षेही झाली नाहीत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील टायटसव्हिल येथे १८५९ साली ड्रेक नावाच्या गृहस्थाने सुमारे ७० फूट खोल भोक पाडून तेल काढले, तेव्हापासून हा धंदा वाढला. आपल्या देशात आसामातील दिग्बोई येथे १८८९ साली तेल लागले, व मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली. त्या क्षेत्रास मुंबई हाय म्हणतात. प्रथम या तेलाचा उपयोग दिव्यासाठीच असे. आपल्या आज्यापणज्यांनी ज्यास घासलेट किंवा रॉकेल म्हटले ते हेच; पहिला शब्द इंग्रजी गॅसलाइटवरून व दुसरा रॉक ऑइल, म्हणजे खडकातले तेल, यावरून पडला. रॉकेल स्वस्त मिळू लागताच करंजाच्या तेलाचा दिवा मागे पडला, आणि रिकामा डबा पाणी भरावयास घरोघर गेला. पेट्रोल हा भाग तर आरंभी निरुपयोगी समजून पुष्कळदा टाकून देत असत! पुढे मोटार आली, आणि जे टाकावयाचे तेच सर्वांत महाग झाले.

आता या तेलाने बिघडते काय? पहिली गोष्ट पैशाची. भारतास जितके कच्चे तेल लागते त्यातील शंभरात पंच्याऐंशींहून अधिक भाग परदेशांतून विकत आणावा लागतो. म्हणून अरबस्तानाकडे युद्ध पेटले की त्याची झळ आपल्या गावच्या नांगरटीच्या भाड्यास लागते. दुसरी गोष्ट हवेची, आणि ती अधिक गंभीर आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते जळाल्यावर कार्बन डायऑक्साइड, ज्यास येथे कर्बवायू म्हणू, तो सुमारे २.३ किलो निघतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून अधिक कसा निघाला, असे वर्गात कोणी विचारील, व ते विचारणे योग्यच आहे. तेलातील कर्ब जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, व त्या प्राणवायूचे वजन त्यात मिळते. कारखाने व यंत्रे वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे २८० भाग होता; आता तो ४२० भागांहून अधिक झाला आहे. हा वायू उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे उन्हाळे अधिक तापतात, आणि पाऊस एके ठिकाणी कोसळतो तर दुसरीकडे दडी मारतो.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. या विषयाचे रूपांतर गरिबाला दोष देण्यात होऊ देऊ नये. भारतात माणशी जितका कर्बवायू निघतो तो साऱ्या जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्या भारतातही खेड्यातील भूमिहीन मजुराचा वाटा अगदी थोडा. ज्याच्या दारी गाडी नाही त्याचेच पीक पहिल्याने करपते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. तरीही हा पाठ आम्ही खेड्यातील मंडळ्यांपुढे ठेवीत आहो. कारण ज्या सवयी शहराने गेल्या शंभर वर्षांत लावून घेतल्या त्या आपल्या गावी आता लागत आहेत, आणि त्यांतील कोणत्या घ्यावयाच्या व कोणत्या नाही हे ठरविण्यास आपणांस अजून थोडी सवड आहे.

प्रथम वाहने पाहू. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. अहमदनगर, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव आहे, ते मराठी मिशनचे जुने ठाणे असल्यामुळे आमच्या वाचकांस परके नाही. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी शिवाई नावाची विजेवर चालणारी एस. टी. सुरू झाली. चौऱ्याहत्तर वर्षांत एकाच रस्त्यावर हा पालट झाला! विजेच्या गाडीचा गुण असा की दिलेल्या शक्तीपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ती चाकांपर्यंत पोहोचविते. पेट्रोलच्या एंजिनात जेमतेम चौथा हिस्सा पोहोचतो, बाकीची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. परंतु सर्व सत्य सांगितले पाहिजे. आपल्या देशात अजून विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दगडी कोळसा जाळून होतो, व चंद्रपूर, कोराडी येथील धुराडी त्याचीच आहेत. म्हणून विजेची गाडी घेतली म्हणजे धूर नाहीसा झाला असे समजू नये. तो आपल्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात गेला. सूर्यापासून व वाऱ्यापासून वीज जसजशी अधिक होईल तसतसा तीच गाडी कमी धुराची होत जाईल, हा तिचा खरा लाभ आहे. डिझेलच्या गाडीत तशी आशा नाही.

खेड्यात मात्र गाडी कोणती घ्यावी यापेक्षा ती किती जणांनी वापरावी हा प्रश्न मोठा आहे. एस. टी. एका लिटर डिझेलमध्ये चार-पाच किलोमीटरच जाते. मोटारसायकल एका लिटर पेट्रोलमध्ये पन्नास जाते. यावरून मोटारसायकल काटकसरीची असे आपले तरुण म्हणतात. परंतु एस. टी.त चाळीस माणसे बसली असता तेच एक लिटर चाळीस जणांस चार-पाच किलोमीटर नेते, म्हणजे एकाच माणसास एकशेसाठ ते दोनशे किलोमीटर नेण्याइतके काम त्यात होते. एकट्याने मोटारसायकलवर जाणारा तिपटीहून अधिक तेल जाळतो. वार्षिक सभेस एकाच गावाहून पंधरा मोटारसायकली येतात व मागून एस. टी. अर्धी रिकामी येते, हे आम्हांस बरे वाटत नाही. गाडी वेळेवर येत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी मंडळीतील पंचांनी आगाराकडे लेखी अर्ज करावा, व तो एकट्या मंडळीचा न करता साऱ्या गावाचा करावा.

आता ज्या तेलाविषयी आमच्या मंडळ्यांत सर्वांत अधिक बोलले पाहिजे त्याकडे वळू. ते तेलही नव्हे. तो मद्यार्क होय. त्यास इथेनॉल म्हणतात. उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून व धान्यापासून तो निघतो. हा विचार नवा नाही. रुडॉल्फ डीझेल यांचे एंजिन १९०० साली पॅरिस येथील प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. आणि पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याविषयी आपल्या देशात १९४८ सालीच कायदा झाला होता. पुढे २००१ साली सरकारने त्याचे प्रयोग केले, ते आपल्या प्रांतात मिरज व मनमाड येथे. २०१३-१४ साली पेट्रोलच्या शंभर भागांत इथेनॉल दीड भाग होते. २०२२ साली ते दहा भाग झाले, आणि २०२५ साली वीस. म्हणजे आज पंपावर जे पेट्रोल मिळते त्यातील पाचवा हिस्सा शेतात पिकलेला असतो. परदेशी तेलाची तितकी खरेदी वाचली, व कारखान्यांस पैसा मिळाल्यामुळे उसाचे देणे भागविण्यास साहाय्य झाले. हे हिताचे आहे.

ज्या मद्यार्काने आपल्या किती घरांची धूळधाण केली, व ज्याच्याविरुद्ध मिशनाने आरंभापासून उपदेश केला, तोच आता वाहन चालवितो. मग मद्यनिषेध मानणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याने त्यासाठी ऊस द्यावा काय, असा प्रश्न विचारण्यात येतो. आमचे मत असे आहे की द्यावा. वस्तू स्वतः पापी नसते. ती घशात उतरली म्हणजे अनर्थ करते, एंजिनात उतरली म्हणजे काम करते. मात्र गाडीसाठी किंवा कारखान्यासाठी केलेला स्पिरिट कोणी पिण्याचे मनातही आणू नये. मुंबईत मालवणी येथे २०१५ च्या जून महिन्यात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली.

आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणी आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर मद्यार्क निघतो, आणि त्या एका टनास पाणी किती लागले हे मराठवाड्यातील बांधवांस विचारावे. मिरज हे नाव आमच्या वाचकांस तेथील मिशन इस्पितळामुळे ठाऊक आहे. ज्या मिरजेत २००१ साली इथेनॉलचा प्रयोग झाला त्याच मिरजेहून २०१६ च्या एप्रिलात आगगाडीने पिण्याचे पाणी लातुरास न्यावे लागले. दुष्काळ पाऊस न पडल्याने आला हे खरे. परंतु ज्या भागात माणसास प्यावयास पाणी उरले नाही त्या भागात ऊस उभा होता, हेही खरे. आणखी, अलीकडे मका व तांदूळ यांपासूनही मद्यार्क काढतात. योसेफाने सात वर्षांचे धान्य साठविले ते माणसे जगावी म्हणून. धान्य आधी कोठारात व मग टाकीत, हा क्रम राज्यकर्त्यांनी सांभाळला पाहिजे.

आणि ऊस तोडतो कोण? बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मुकादमाकडून उचल घेतात, आणि दिवाळीनंतर लेकरांसह फडावर जातात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील कुटुंबेही आहेत. त्यांची मुले पाच-सहा महिने शाळेवाचून व शब्बाथ शाळेवाचून राहतात. पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा पिकलेला आहे याचा अभिमान ज्यास वाटतो त्याने तो हिस्सा कोणाच्या हातांनी तोडला हेही लक्षात घ्यावे. ज्या मंडळ्यांच्या शेजारी फड पडतो त्यांनी त्या महिन्यांत तेथे सायंशाळा चालवावी. आमच्या मते हे कोणत्याही नव्या गाडीपेक्षा मोठे काम होईल.

येथे एक सावधगिरी सुचवितो. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाचा फार गवगवा झाला. माळरानावर, बिनपाण्याने, डिझेलचे झाड लावा असे सांगण्यात आले, व पुष्कळांनी लावले. पाण्यावाचून बी आलेच थोडे, आणि घेणारा कोणी भेटेना. तेव्हा इंधनाचे पीक म्हणून जे जे पुढे येईल ते आधी बांधावर लावून पाहावे. सारे रान त्याला देऊ नये.

घरातील वस्तूंत खणलेले तेल किती शिरले आहे हे बहुतेकांस ठाऊक नसते. प्लॅस्टिकची घागर, नायलॉनचे दोर, पॉलिएस्टरची साडी, कपडे धुण्याची पावडर, पायांच्या भेगांस लावण्याचे पांढरे जेली मलम, फ्लेक्सचे फलक, ही सर्व त्याचीच लेकरे. युरियाही नैसर्गिक वायूपासून होतो. यांतील सर्वच टाकावे असे आम्ही म्हणत नाही. सलाईनची पिशवी, इंजेक्शनची सुई बसविण्याची नळी, ठिबकाची काळी नळी जी उसाचे व भाजीचे पाणी वाचविते, यांस नावे ठेवणे शहाणपणाचे नाही. जी वस्तू वर्षानुवर्षे उपयोगी पडते तिच्यासाठी थोडे तेल खर्चिले तर ते कारणी लागले. जी पाव घटका वापरून उकिरड्यावर जाते व तेथे नातवंडांच्या काळापर्यंत राहते, तिच्यापासून आरंभ करावा. महाराष्ट्रात २०१८ साली अशा कित्येक वस्तूंवर बंदी आली, व सबंध देशात १ जुलै २०२२ पासून. तरी नाताळच्या जेवणात थर्माकोलच्या ताटल्या अजून दिसतात. पळसाच्या पत्रावळी लावणाऱ्या बाया आपल्याच गावात रिकाम्या बसल्या आहेत, आणि आपण ताटल्या तालुक्याहून आणतो!

प्रभुभोजनाच्या लहान प्लॅस्टिक पेल्यांविषयी काही पाळकांनी आमच्याशी बोलणे केले आहे. रोगाच्या भयाने ते आले. काचेचे किंवा पोलादाचे लहान पेले एकदा घेऊन प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात धुतले तर भयही राहत नाही व दर वेळचा खर्चही राहत नाही. हे काम भगिनीमंडळ आनंदाने करील.

मेणबत्तीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. नाताळच्या रात्री ज्या मेणबत्त्या आपण लावतो त्या मधमाश्यांच्या मेणाच्या आहेत असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. एकोणिसाव्या शतकापासून स्वस्त मेणबत्ती पॅराफिनची असते, आणि पॅराफिन खनिज तेल शुद्ध करताना निघते. तिच्या जागी मातीच्या पणतीत करंजाचे किंवा दुसरे पिकलेले तेल घालून लावावे असे आम्ही सुचविले तर, पणती ही हिंदूंची रीत, आपण ती सोडून आलो, असे वृद्ध सभासद म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही मान राखतो; त्यांनी ती सोडताना पुष्कळ सोसले आहे. परंतु त्यांनी निर्गम २७:२० पुन्हा वाचावे. परमेश्वराच्या समोर जो दीप जळत असे तो वातीचा व तेलाचा होता, आणि कुमारींच्या हातीही मेणबत्त्या नव्हत्या. पणती कोणापुढे लावली यावर तिचा अर्थ ठरतो. जेथे मंडळीचे एकमत होणार नाही तेथे या गोष्टीवरून फूट पाडू नये. मेणबत्त्याच लावाव्या, परंतु प्रत्येकाच्या हाती एक देण्याऐवजी वेदीजवळ थोड्या लावाव्या.

स्वयंपाकाच्या इंधनाविषयी आता सांगू. गॅसचा सिलिंडर आल्याने बायांच्या डोळ्यांतला धूर गेला, ही देवाची कृपाच समजावी. चुलीकडे परत जा असे आम्ही कोणासही सांगणार नाही. परंतु तो वायूही खणलेला आहे व अर्ध्याहून अधिक बाहेरून येतो. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यास गोबरगॅस हा उत्तम उपाय आहे. आमच्या वाचकांस कदाचित नवल वाटेल की मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावण्याचा प्रयोग मुंबईत माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता. जगाने ज्यांस गावकुसाबाहेर टाकले त्यांच्या वस्तीत हा दिवा आधी लागला. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने या संयंत्रांचा प्रसार केला, आणि १९८४ साली दीनबंधू नावाचा विटांच्या घुमटाचा स्वस्त नमुना निघाला. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते, व एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. उरलेली मळी शेतास उत्तम खत होते, म्हणजे युरियाचीही थोडी बचत होते. बंद पडलेली संयंत्रे गावोगाव दिसतात हे खरे आहे. त्यांची कारणे बहुधा तीन : जनावरे विकली गेली, पाणी आणणारी सून कंटाळली, किंवा घुमटास चीर पडली व दुरुस्त करणारा मिळाला नाही. ज्या गावी उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलभर जावे लागते त्या गावी ते बांधूच नये.

विहिरीवरील डिझेलच्या एंजिनाऐवजी सौरपंप देण्याची सरकारी योजना आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्यास किमतीचा दहावा हिस्सा भरावा लागतो. अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यास विसावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेला मनुष्य अनुसूचित जातीत गणला जात नाही, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांस दहावा हिस्साच भरावा लागेल. हे जाचक आहे, व त्याविषयी न्यायालयांत दादही मागण्यात आली आहे. काही बांधव अर्जावर आपला विश्वास लपवितात. तसे करू नये. ज्यास एकट्यास तो हिस्सा जड वाटतो त्यास मंडळीच्या पतपेढीने बिनव्याजी उचल द्यावी, आणि डिझेलचे जे पैसे वाचतील त्यांतून ती हप्त्याहप्त्याने फेडून घ्यावी.

हा पाठ घेणाऱ्याने वर्गातील तीन-चार घरांचा एक महिन्याचा हिशेब फळ्यावर मांडावा : पेट्रोल किती लिटर, डिझेल किती, सिलिंडर किती दिवस पुरला, आणि आठवड्यात प्लॅस्टिकच्या किती पिशव्या दारात आल्या. पेट्रोलच्या लिटरास २.३ ने गुणावे, डिझेलच्या लिटरास २.७ ने, आणि सिलिंडरातील १४.२ किलो वायूस तीनने. शाळेत जाणारी मुले हे गणित आनंदाने करतील. एका महिन्याने तेच आकडे पुन्हा मांडावे व कोणत्या रकान्यात काय घटले ते पाहावे. ज्या घरी गाडी नाही त्या घराचा हिशेब वर्गात पहिल्याने वाचावा.